सातव्या ओळीची किंमत

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे आणि आज मी अजिबात नम्रपणा दाखवणार नाही. माझे कोपरे झिजले आहेत, मध्यभागी कपाच्या बुडाचा एक तपकिरी गोल डाग आहे आणि एका बाजूचा रंग उन्हाने उडाला आहे. तरीही एके दिवशी एका मोठ्या कंपनीच्या साहेबाला आणि त्याच्या चकचकीत संगणकाला मी भर सभेत मान खाली घालायला लावली. ती हकिगत ऐकायची असेल तर जरा सरसावून बसा.

आधी मी कोण ते सांगतो. मी भिंतीवर टांगायचा आकड्यांचा तक्ता आहे. माझ्या अंगावर तीस आडव्या ओळी आणि अकरा उभे रकाने आहेत. ओळी वर्षांच्या आणि रकाने व्याजाच्या टक्क्यांचे. पुढे कधीतरी मिळणाऱ्या पैशाची आज किंमत किती, एवढेच मी सांगतो. तुम्हाला कोणी म्हणाले की शंभर आत्ता घे किंवा तेच शंभर दहा वर्षांनी घे, तर तुम्ही आत्ताच घ्याल ना? शहाणे आहात. कारण आजचे शंभर कामाला लावले की ते वाढतात. शिवाय दहा वर्षांनी देणारा जागेवर असेल की नाही, कोणी सांगावे! म्हणून पुढच्या पैशाला आज थोडी कात्री लागते. माझ्या बारा टक्क्यांच्या रकान्यात दहाव्या ओळीवर बोट ठेवा. तिथे ०.३२२० लिहिले आहे. म्हणजे दहा वर्षांनी मिळणाऱ्या शंभराची आजची किंमत जेमतेम बत्तीस.

मला घडवले एका विमा कचेरीत काम करणाऱ्या बाईने. तिच्यासमोर रोज म्हातारीकोतारी माणसे येऊन बसत आणि आपले पैसे पुढे किती होतील, आज किती मिळतील, असे विचारत. छापील पुस्तकातले बारीक आकडे त्यांना दिसत नसत. ती म्हणेल त्यावर मान डोलवून ती माणसे निघून जात आणि बाईला ते फार लागे. शेवटी तिने ठरवले की एक असा तक्ता करायचा, ज्यातला प्रत्येक आकडा अंगठ्याच्या नखाएवढा मोठा असेल. तीनशे तीस आकडे तिने हाताने भागाकार करून काढले. तिचा नवरा पुस्तक-बांधणीचे काम करायचा. संध्याकाळी तो एकेक आकडा मोठ्याने वाचायचा आणि ती वहीतून ताळा करायची. एका ठिकाणी तिने दोन आकड्यांची अदलाबदल केली होती, ती त्याने पकडली. "अगं, इथं एखाद्या आजोबांचं नुकसान केलं असतंस की!" असे म्हणून तो हसला. ती दुरुस्ती लाल शाईत आहे. तो माझा तीळ आहे असे मी मानतो. मग त्याने मला जाड पुठ्ठ्यावर चिकटवले, कडेने कापडाची पट्टी लावली आणि वर टांगायला दोरी ओवली.

बावीस वर्षे मी त्या कचेरीत खिळ्यावर होतो. किती बोटे माझ्यावरून फिरली असतील! काही थरथरती, काही शाईने माखलेली, एका बोटात तर इतकी जाड अंगठी की ते बोट माझ्यावर खटखट वाजायचे. माणसे स्वतः बोट फिरवून आपला आकडा शोधत आणि सापडला की चेहरा खुलत असे. ते माझे वैभवाचे दिवस होते.

पुढे बाई निवृत्त झाली आणि मी तिच्या लेकीकडे आलो. लेकीने आईचीच वाट धरली, पण दोन पावले पुढे गेली. ती कंपन्यांची किंमत काढायची. कोणाला एखादी कंपनी विकत घ्यायची असली किंवा कोणाला आपले शेअर विकायचे असले की लोक तिच्याकडे येत. सगळे तिला हिशेबताई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. पहिली काही वर्षे हिशेबताईने मला टेबलासमोर टांगले होते. मग संगणक आला. चारशे ओळींचे गणित तो डोळ्याची पापणी लवायच्या आत करायचा. मी कशाला खोटे बोलू, मीसुद्धा आ वासून बघत राहिलो.

पण मित्रांनो, माझे पुढे काय झाले ते ऐका. आधी मी कपाटावर गेलो. मग एकदा गरम कपाखाली मला ठेवले गेले, तो डाग तुम्हाला मघाशी सांगितला. आणि शेवटी खिडकी वाऱ्याने खडखडते म्हणून मला तिच्या फटीत खोचले. नऊ वर्षे! अंगावर तीनशे तीस अचूक आकडे घेऊन मी पाचर म्हणून उभा होतो. एका बाजूने ऊन, दुसऱ्या बाजूने धूळ. मी हिरमुसलो होतो हे कबूल करतो. एखाद्या पट्टीच्या गवयाला दार धरून उभे करावे, तसे मला वाटायचे.

अशात एका सोमवारी दुपारी एक म्हातारे गृहस्थ कचेरीत आले. गावाबाहेरच्या काचेच्या कारखान्यात ते भट्टी सांभाळायचे. सगळे त्यांना भट्टीमास्तर म्हणत. पस्तीस वर्षे आगीकडे बघून बघून त्यांचे डोळे अधू झाले होते. ते खुर्चीवर बसले आणि थेट मुद्द्यावर आले.

"ताई, आमच्या मालकांनी पडत्या काळात पगाराच्या जागी आम्हाला शेअर दिले होते. माझ्याकडं तीन हजार आहेत. आता एक मोठी कंपनी आमचा कारखाना घ्यायला आलीय. एका शेअरला चाळीस देते म्हणते. द्यावेत का?"

"तुम्हाला विकायचेच आहेत का, काका?"

"विकल्याशिवाय गत नाही. या वर्षी मी निवृत्त होतोय. कारखान्याची खोली सोडावी लागेल. दोन खोल्यांचं एक घर बघून ठेवलंय, अडीच लाखांचं. बायको रोज त्याच्यावरून चक्कर मारून येते. पण चाळीसनं तीन हजारांचे होतात एक लाख वीस हजार. अर्धं घर कोण देतं का कुणाला?"

विकायचे की नाही हे ठरवायची सभा शनिवारी होती. निम्म्याहून जास्त शेअर कामगारांकडे होते, म्हणून त्यांच्या होकाराशिवाय त्या कंपनीचे घोडे पुढे सरकणार नव्हते. पण बाकीचे कामगार मास्तरांच्या तोंडाकडे बघून बसले होते. ते हो म्हणाले तर सगळे हो म्हणणार होते.

मास्तरांनी सोबत दोन कागद आणले होते. एक गेल्या वर्षाचा हिशेब आणि दुसरा त्या मोठ्या कंपनीने केलेले किमतीचे गणित. हिशेबताईने दोन्ही वाचले आणि संगणकावर आकडे भरले. आता इथे जरा लक्ष द्या, कारण पुढची सगळी गंमत यातच आहे. कारखान्याची किंमत त्याच्या विटांवरून ठरत नाही. वाळू, इंधन, पगार, कर, दुरुस्ती, नवी यंत्रे, सगळे सगळे देऊन झाल्यावर वर्षाच्या शेवटी जे मोकळे पैसे हातात उरतात, त्यांना मोकळी रोकड म्हणतात. पुढच्या प्रत्येक वर्षाची मोकळी रोकड धरायची, प्रत्येकीला माझ्यासारख्या तक्त्यावरून कात्री लावायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. त्यातून कारखान्याचे कर्ज वजा करायचे. उरले त्याला शेअरांच्या संख्येने भागले की एका शेअरची किंमत मिळते.

त्या हिशेबात गेल्या वर्षीची मोकळी रोकड सहा लाख होती. दरसाल सहा लाख कायम येत राहिले, तर बारा टक्क्यांच्या दराने त्यांची आजची किंमत होते पन्नास लाख, कारण पन्नास लाखांचे बारा टक्के म्हणजेच सहा लाख. कर्ज होते दहा लाख. उरले चाळीस लाख आणि शेअर होते एक लाख. पडद्यावर आकडा आला, चाळीस.

"काका, गणित बरोबर दिसतंय," हिशेबताई हळू आवाजात म्हणाली.

मास्तरांनी डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिले. मग म्हणाले, "ताई, तुमच्यावर विश्वास आहे. पण त्या डब्यातलं मला काही दिसत नाही हो. मला कारखान्यात पोरांना समजावून सांगायचंय. कुठं मोठ्या अक्षरात दाखवता येईल का?"

हिशेबताईची नजर खिडकीकडे वळली आणि, मित्रांनो, माझ्या पुठ्ठ्यात कापरे भरले. तिने मला ओढून बाहेर काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि मास्तरांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी बोट टेकवले, चाचपडत एक आकडा वाचला, मग दुसरा. त्यांचा चेहरा तसाच खुलला, जसा पूर्वी त्या आजी-आजोबांचा खुलायचा. खिडकी मागे खुशाल खडखडत होती.

गुरुवारी हिशेबताई मला काखेत मारून कारखान्यात गेली. किंमत चाळीसच कशी येते, हे कामगारांना माझ्यावरून समजावून सांगायला! मी आनंदात होतो आणि कानकोंडाही झालो होतो. नऊ वर्षांनी काम मिळाले ते असे, वाईट बातमी पोचवायचे.

कारखान्यात शिरलो तर काय तो धगीचा लोट! मधोमध भट्टी, तिच्या तोंडाशी लांब लोखंडी नळ्या घेतलेले कामगार, नळीच्या टोकाला लाल लाल काच आणि गाल फुगवून फुंकणारी माणसे. टांगायला खिळा कुठे आहे म्हणून हिशेबताईने वर पाहिले. भट्टीच्या दाराच्या वर एका ओळीत काचेचे सहा गोळे लटकत होते. पहिला काजळीने काळा पडलेला, शेवटचा लख्ख. प्रत्येकावर टोच्याने एक साल कोरलेले.

"हे काय आहे, काका?"

"ती आमची पद्धत आहे. भट्टी नव्यानं बांधली की तिच्यातल्या पहिल्या काचेचा एक गोळा फुंकायचा आणि तिथं टांगायचा. तो विकायचा नाही."

हिशेबताईने सगळी साले वाचली. ओठ हलवत वजाबाकी केली. पुन्हा पहिल्यापासून केली.

"काका, प्रत्येक गोळ्यात सात वर्षांचं अंतर आहे."

"असणारच. विटा तेवढ्याच टिकतात. आठव्या वर्षी गळायला लागतात."

"आणि हा शेवटचा गेल्या वर्षीचा आहे. भट्टी बांधायला खर्च किती आला?"

"आठ लाख. गेलं वर्ष त्यातच गेलं सगळं."

हिशेबताईने कपाळावर हात मारून घेतला. इतक्या जोरात, की फुंकणारा एक कामगार दचकला आणि त्याचा गोळा वाकडा झाला.

"अहो काका, तुमच्या कारकुनानं ते आठ लाख 'दुरुस्ती आणि देखभाल' या सदरात लिहिलेत! भट्टीचं नाव कुठंच नाही. त्या कंपनीनं धरलं की हा खर्च दरसाल होतो. आणि मी शहाणी! मागच्या वर्षांचे हिशेब न मागवता मीही तेच धरलं. म्हणजे आपण सगळे कागदावर दरसाल नवी भट्टी बांधत बसलो होतो."

पॅकिंग विभागातल्या एक मावशी मोठ्याने हसल्या. "दरसाल भट्टी? मग काच कधी करायची आम्ही?"

हिशेबताईने मला तिथेच, शेवटच्या गोळ्याशेजारच्या खिळ्यावर टांगले आणि मास्तरांचा हात धरून त्यांचे बोट माझ्या बारा टक्क्यांच्या रकान्यात सातव्या ओळीवर ठेवले. ०.४५२३. "गेल्या वर्षीचा हिशेब बंद झाला तिथून मोजलं, तर पुढची भट्टी सात वर्षांनी. तिच्या आठ लाखांची आजची किंमत साडेतीन लाखांच्या जरा वर." मग बोट चौदाव्या ओळीवर गेले, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या. आकडे लहान लहान होत गेले. चार भट्ट्यांचे मिळून सव्वासहा लाखांच्या जरा वर झाले. त्यापुढच्यांसाठी थोडी भर घालून तिने साडेसहा धरले.

मग मास्तरांनी स्वतः विचारले, "आणि ताई, भट्टीचे आठ लाख काढले तर दरसाल मोकळे किती?"

"चौदा. पण तुमचे साचे जुने झालेत, मघाशी बघितले मी. त्यांच्यासाठी दरसाल एक लाख बाजूला काढू. तेरा धरू. विक्री वाढेल असंही धरायचं नाही. हवेत इमले नकोत."

मला ती तिथे फार आवडली. आकडा फुगवायची संधी समोर होती आणि तिने उलट एक लाख कमी केला. अगदी आईची लेक शोभली. दरसाल तेरा लाख, त्यांची आजची किंमत एकशे आठ लाखांच्या जरा वर. त्यातून भट्ट्यांचे साडेसहा गेले, कर्जाचे दहा गेले. उरले एक्क्याण्णव लाखांच्या वर. एका शेअरला एक्क्याण्णव!

मास्तर बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजू लागले आणि मला कळले की ते मनात तीन हजारांनी गुणत होते.

शनिवारी पॅकिंगच्या खोलीत सभा भरली. खोक्यांवर, पेंढ्याच्या गाठोड्यांवर, मिळेल तिथे कामगार बसले होते. मोठ्या कंपनीचे साहेब आपला संगणक घेऊन आले. हिशेबताईने भिंतीला टेकवून ठेवलेल्या माझ्याकडे बघून त्यांनी हसू दाबले. "हे काय, पाढे म्हणायचेत का?" असे ते शेजाऱ्याला म्हणाले.

साहेबांचे बोलणे संपल्यावर हिशेबताई उठली. "साहेब, तुमच्या गणितात दरसाल आठ लाखांची दुरुस्ती आहे. ती कशाची?"

साहेबांनी कागद चाळले. "कारखान्याच्या हिशेबात आहे तशी घेतलीय आम्ही."

"ती भट्टीची आहे. पुढची भट्टी कधी बांधायची?"

साहेब पुन्हा कागद चाळू लागले. मागून मावशींचा आवाज आला, "सात वर्षांनी! वर बघा, टांगून ठेवलंय!" सगळ्यांच्या माना उघड्या दारातून भट्टीकडे वळल्या. साहेबांचीही वळली.

"मग आता तुमच्याच संगणकात बदल करा," हिशेबताई म्हणाली. "आठ लाख दर सातव्या वर्षी टाका. आणि साच्यांचा एक लाख दरसाल वजा करा, तो तुमच्या फायद्याचा आहे."

साहेबांनी बोटे चालवली. मास्तर डोळे मिटून बसले होते. साहेबांनी पडद्याकडे पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले.

"किती आले?" मास्तरांनी विचारले.

"एक्क्याण्णव," साहेब म्हणाले. "आणि वर थोडे."

मित्रांनो, त्या टाळ्या! खोकी बडवली गेली, कोणी शिट्टी वाजवली, मावशींनी तर मला हातात घेऊन डोक्यावर धरले. नऊ वर्षे खिडकी अडवणारा मी, आणि तो पापणी लवायच्या आत गणित करणारा संगणक, दोघांचे उत्तर एकच आले. त्या दिवसापासून संगणकावरचा माझा राग गेला. बिचाऱ्याचा दोष नव्हता. त्याला भट्टीबद्दल कोणी विचारलेच नव्हते आणि सांगितलेही नव्हते. ती साहेबांची चूक होती की चलाखी, ते मात्र मला आजही ठाऊक नाही.

साहेबांनी बाहेर जाऊन फोन केला आणि परत येऊन सत्तर देऊ केले. सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिले. सत्तरने दोन लाख दहा हजार झाले असते, म्हणजे घर तरीही हुकलेच असते, पण त्या खोलीत सगळ्यात जास्त गरज त्यांनाच होती.

"नव्वदच्या खाली नाही," मास्तर म्हणाले. "तुमचाच डबा एक्क्याण्णव म्हणतोय, साहेब. वरचा एक मी तुमच्या येण्याजाण्यासाठी सोडला."

हशा पिकला. दुसरा फोन जरा लांबला. पण नव्वद ठरले. ज्यांना विकायचे होते त्यांनी विकले, ज्यांना ठेवायचे होते त्यांनी छाती पुढे काढून ठेवले. मास्तरांना दोन लाख सत्तर हजार मिळाले. ते घर त्यांनी घेतले आणि त्यांच्या बायकोची रोजची चक्कर बंद झाली, कारण आता ती त्याच घरात राहते.

मी आता कुठे आहे? हिशेबताईच्या कचेरीत, टेबलासमोर, माझ्या जुन्या खिळ्यावर. खिडकीला तिने रबराची पट्टी लावून घेतली. महिन्याभराने कारखान्यातली मंडळी मला बघायला आली, तेव्हा त्यांनी माझ्या मापाची एक सुंदर लाकडी चौकट आणली होती आणि तिच्यावर बसवायला स्वच्छ, जाड काच. आता मला धूळ लागणार नाही, डाग पडणार नाहीत, ऊन लागणार नाही. मी खूष होऊन फुगलो. हिशेबताई काच बसवणार, एवढ्यात मास्तर पुढे झाले. साऱ्या जन्मात ज्यांनी काचेशिवाय दुसरे काही केले नाही, ते भट्टीमास्तर!

"काच नको, ताई," ते म्हणाले. "काच लावली तर माझ्यासारख्यानं बोट कुठं ठेवायचं?"

तर मित्रांनो, माझी चौकट उघडीच आहे. तुमच्याही घरी माझ्यासारखे कोणी जुने असेल, तर त्याला जपा, पण कोंडून ठेवू नका. माझ्याकडे कधी आलात तर हात स्वच्छ धुऊन या आणि खुशाल बोट फिरवा. बारा टक्क्यांच्या रकान्यातली सातवी ओळ मात्र तुम्हाला नीट वाचता येणार नाही. तिथले आकडे आता पुसट झाले आहेत. येणारा प्रत्येक माणूस आधी तिथेच बोट ठेवतो, आणि मास्तर तर दर महिन्याला मुद्दाम त्यासाठीच येतात.